अठरा महिन्यांची तपासणी

दिवस गेल्यावर मी तिवस्याच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं. रक्त घेतलं आणि थोड्या वेळाने समुपदेशक ताईंनी मला आतल्या खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. एचआयव्ही आहे, असं त्यांनी शांतपणे, सरळ सांगितलं.

माझं हे दुसरं लग्न. पहिला नवरा दीड वर्षातच गेला. कावीळ झाली होती, असं त्याच्या घरचे सांगत. त्या खोलीत बसल्या बसल्या मला त्याचे वाळलेले हात आठवले. तूही तपासून घे, असं मला एकदाही कोणी म्हटलं नव्हतं.

नवरा बाहेर मोटरसायकलपाशी उभा होता. मला विचारूनच ताईंनी त्याला आत घेतलं. त्याचंही रक्त तपासलं. ते निगेटिव्ह आलं. आता हा मला माहेरी सोडून येणार, हे मी धरूनच चालले. आमची फुलांची शेती. नखांत बसलेला शेवंतीचा हिरवा चीक तो कितीतरी वेळ खरवडत राहिला. मग म्हणाला, "लेकरू चांगलं राहीन का?"

"यांनी रोज गोळी घेतली, बाळाला वेळेवर औषध दिलं, तर बहुतेक राहील."

"अन् हिले काही होणार नाही ना?"

मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फुलं तोडायला न जाता म्हणाला, "आवर लवकर. अमरावतीले जाचं आहे."

ताईंनी चिठ्ठी दिली होती त्या अमरावतीच्या दवाखान्यात गोळ्यांसाठी रांग होती. मी पदर तोंडावर ओढून बाकावर रडत बसले. समोर पाहते तर सणासुदीला आमच्या गावात बांगड्या घेऊन येणारी चाची! मी मान फिरवली. तीच उठून शेजारी येऊन बसली.

"तू बी?"

मी मान हलवली.

"मंग रडून काहून राहिली? मले नऊ साल झाले गोळी खाऊन. माह्याकडे पाह्य. मी काय मरून राहिली का?"

रडता रडता मला हसू आलं. सवयीने तिने माझं मनगट हातात घेऊन माप पाहिलं. "गावात भेटलो का फक्त चुड्यांचं बोलाचं," ती म्हणाली. आम्ही ते आजवर पाळलं आहे.

मुलगी झाली. तिला औषधाचे थेंब पाजले, सांगितलेल्या प्रत्येक तारखेला तपासणीला नेलं. शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात. ताईंनी कागद आमच्याकडे फिरवला. "निगेटिव्ह. सुटली तुमची पोरगी."

नवऱ्याने तो शब्द त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला. परतताना वाटेत गाडी थांबवून बांधावर बसला आणि डोळे पुसत राहिला. पोरगी त्याचा कान ओढत होती.

सासूला अजून सांगितलेलं नाही. तिच्या लेखी माझी गोळी रक्तवाढीची आहे. सांगेन कधीतरी. निकालाच्या त्या दिवशी घरी आल्यावर मी भर दुपारी झोपले. झेंडू तोडायचा होता, तरी कोणी उठवलं नाही.