मामांच्या हाती बास्क दांडके

जगातली प्रत्येक वस्तू वाजवण्यासाठीच जन्माला आली आहे, यावर माझ्या बायकोच्या मामांइतकी श्रद्धा दुसऱ्या कुणाची असणं शक्य नाही. २००५ च्या उन्हाळ्यात ते नागपूरहून आयडाहोतल्या बॉइझीला आमच्याकडे आले आणि आठवड्याभरात घरातलं एकही भांडं अनवाजलेलं राहिलं नाही. दुकानात कलिंगड पारखायला उचललं, की त्यावर तबल्याचा पुरता कायदा वाजवूनच खाली ठेवत. आमची लेक लाजून म्हणे, "आजोबा, प्लीज स्टॉप!" त्यावर मामा म्हणत, "सम आल्याशिवाय कसं थांबू, बाळा?"

बॉइझीत बास्क लोकांची जुनी वस्ती आहे. स्पेनकडच्या डोंगरांतून त्यांचे पूर्वज इथे मेंढ्या राखायला आले. त्यांच्या जत्रेत मी मामांना नेलं. तिथे एक जण एका हाताने बासरी वाजवत दुसऱ्या हाताने ढोलकं बडवत होता. "स्वतःच्या साथीला स्वतःच!" मामा खूश. पुढची धून सुरू होताच त्यांनी माझा दंड धरला. "पाच मात्रा, जावईबापू! आपल्या झपतालाचे चुलतभाऊच की हे!"

मग चालापार्ता मांडला. म्हणजे आडव्या लाकडी फळ्या आणि त्यांवर जाड दांडके आपटणारे दोघे. एकाच्या ठोक्यांमधल्या जागा दुसऱ्याने भरायच्या. पण त्या दिवशी एकच म्हातारा उभा राहिला. त्याचा जोडीदार भाऊ हिवाळ्यात गेला, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं. म्हातारा फक्त आपले ठोके देत होता आणि भावाच्या जागा तशाच सोडत होता.

"रिकाम्या जातायत हो!" मामा कळवळले. मी त्यांचा सदरा धरेपर्यंत ते फळ्यांपाशी पोचले होते. म्हाताऱ्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि भावाचे दांडके पुढे केले. मामा पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा जमलं. मग म्हातारा मुद्दाम अडवू लागला, लय मोडू लागला, आणि मामा हसत हसत प्रत्येक वेळी नेमकी जागा गाठू लागले. लोक गोल करून उभे राहिले. आमची लेक खुर्चीवर चढून ओरडली, "दॅट्स माय आजोबा!" माझी छाती तर शर्टात मावेना.

शेवटी म्हाताऱ्याने मामांना मिठी मारली आणि तो आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला. मामा मराठीत म्हणाले, "मलाही."

गुडघ्यांमुळे मामांना पुन्हा येता आलं नाही. फोनवर मात्र आमच्याआधी म्हाताऱ्याची चौकशी होई. यंदा मी सांगितलं, की आता त्याच्या भावाची मुलगी त्याच्याबरोबर उभी राहते. पलीकडून मामांचा प्रश्न आला.

"माझ्यापेक्षा बरी वाजवते का हो?"

"छे, मामा," मी म्हणालो. "मुळीच नाही."