स्वल्प-अण्णांचे प्रश्न

१४ जुलै १९९७. गच्चीवरची पाण्याची टाकी घासत होते. खालून ह्यांनी हाक मारली, "चामराजपेटेतून फोन होता. तुझे ते स्वल्प-अण्णा गेले."

"स्वल्प विचारायचंय, अक्का," असं म्हणतच ते आमच्या खिडकीशी यायचे. स्वल्प म्हणजे इथल्या कन्नडात थोडंसं. आणि विचारायचं काय? शहरातल्या एकूण एक विहिरींच्या पाण्याच्या तपासण्या, पहिल्यापासून! मी प्रदूषण तपासणाऱ्या सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीवर होते. लोकांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं की नाही, हे साहेब ठरवत, सांगायचं मी.

त्यांचं मराठी घराणं तीनशे वर्षांपासून या कन्नड मुलखातलं. "तुमची मराठी बेळगावची, आमची इथं मुरलेली," म्हणायचे. खरा प्रश्न त्यांच्या गल्लीतल्या विहिरीचा होता. जवळच कापड रंगवण्याचा कारखाना निघाला होता आणि पाण्याला वास येऊ लागला होता. ते पाणी प्यावं की नको, एवढंच त्यांना हवं होतं.

साहेब म्हणाले, "सगळ्या विहिरी? सहा महिने दुसरं काम नको. अवाजवी मागणी आहे, नाही म्हणा." पटलं मला. अण्णांना म्हटलं, नेमकं विचारा. त्यांनी आपली एकच विहीर विचारली. साहेब म्हणाले, तपासणी अपुरी आहे, अर्धवट आकडे बाहेर द्यायचे नाहीत. हेही पटलं. मग पुरी कधी होणार, असं अण्णा दर सोमवारी विचारू लागले. साहेब म्हणाले, हा माणूस त्रास द्यायलाच येतो. तेही पटण्यासारखं होतं, कारण अण्णा मधेच कावळे का कमी झाले तेही विचारत आणि उत्तराशिवाय हलत नसत.

"अक्का, मोठं मागितलं तर ताटात मावत नाही, लहान मागितलं तर शिजलं नाही, परत मागितलं तर मी हावरा. भुकेल्यानं मागायचं तरी कसं?"

"साहेबांना विचारा, अण्णा."

"ते म्हणतात, अक्कांना विचारा."

साहेब लबाड नव्हते. त्यांचं प्रत्येक कारण वेगळं धरलं तर बरोबर होतं. तिन्ही एकत्र केली की मला काही कळेनासं व्हायचं. अजूनही धड कळलेलं नाही.

शेवटी साहेबांनी सांगितलं, या विषयावर यापुढे उत्तर नाही. मी तसं अण्णांना सांगितलं. "सरी, बरं," ते म्हणाले. "पाणी उकळून पितो. रंग उकळून जातो का हो?"

"हाही प्रश्नच झाला, अण्णा."

ते मोठ्यानं हसले आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

टाकी तशीच टाकून मी त्यांच्या घरी फोन लावला. हृदयविकारानं गेले, सून म्हणाली. म्हणजे पाण्यानं नव्हे. मला हायसं वाटलं, आणि का वाटलं ते समजेना. विहीर तर तिथंच होती, पाणी पिणारी माणसंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चामराजपेटेत गेले, त्यांच्या सुनेकडून पोहरा घेतला, विहिरीचं पाणी बाटलीत भरलं आणि आमच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवलं.

"कुणाचा नमुना, मॅडम?"

"माझा."

"तीन-चार दिवस तरी लागतील."

"लागू देत. रोज विचारायला येईन," म्हटलं आणि खिडकीवर जाऊन बसले.