आग्रहाचा घास

ऐंशीच्या दशकात मी वॉशिंग्टन राज्यातल्या एका सॅमन हॅचरीत दोन वर्षं काढली. माशांची पिल्लं वाढवायची आणि पाण्यात सोडायची, हे तिथलं काम. मी त्यांच्या वागण्याच्या नोंदी ठेवायची. घरी पत्रात 'संशोधन करते' असं लिहायची. प्रत्यक्षात दिवसभर टाक्या घासायची.

माझ्याकडे दोन टाक्या होत्या. पहिलीत हॅचरीतच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या माशांची पिल्लं. माणसाची सावली पडली की ही मंडळी हावरटासारखी वर. दुसरीतली पिल्लं जवळच्या ओढ्यातल्या सॅमनच्या अंड्यांतून निघालेली. सावली दिसली की तळाच्या दगडांआड गडप. त्या ओढ्यात सॅमन जेमतेम उरले होते, म्हणून ही पिल्लं वसंतात तिथेच परत सोडायची होती. माझा थिसिस ज्यांच्या हाताखाली चालू होता त्या प्रोफेसरांचा नियम एकच: या टाकीला फळीआडून, नळीतून खाणं द्यायचं. "तू त्यांना दिसता कामा नयेस. भितात म्हणून तर जगतात."

मला ते पटलं होतं. पण ती पिल्लं निम्मं खाणं तसंच टाकायची, हडकुळी दिसायची. आमच्या घरी पाहुणा 'नको' म्हणाला की पानात आणखी एक पोळी पडते. कुणी अर्ध्या जेवणावरून उठलं तर आईला दिवसभर चुटपुट लागते. एका रविवारी हॅचरीत कुणी नव्हतं. मी फळी बाजूला केली, चिमूटभर खाणं घेतलं आणि "खा रे बाळांनो, लाजता काय!" म्हणत थोडं थोडं टाकत बसले. तासाभरानं एक वर आलं. काय आनंद झाला मला! मग रोजच, आसपास कुणी नसताना. महिन्याभरात माझी चाहूल लागताच अख्खी टाकी वर यायला लागली.

वजनं केली त्या दिवशी प्रोफेसर खूश झाले. "छान भरलीत की!" मी आकडे वहीत उतरवून घेतले. तेव्हा खरं सांगितलं असतं तर त्यांची सवय मोडेपर्यंत सोडणं पुढे ढकलता आलं असतं. माझं थिसिसचं एक वर्ष बुडालं असतं, एवढंच.

एप्रिलमध्ये पिल्लं ओढ्यात सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदी घ्यायला गेले तर उथळ पाण्यात एक राखी बगळा उभा. त्याची सावली पडली होती तिथेच सगळी गोळा झालेली. तो मान वाकवायचा, गिळायचा, परत स्तब्ध. त्याला शिकार करावीच लागत नव्हती, पंगत मीच मांडून दिली होती.

"हुश्श! हुश्श!" मी ओरडत धावले. बगळा उडाला. पिल्लं हलली नाहीत, उलट माझ्याकडे वळली. मला रडूच फुटलं. "पळा की मेल्यांनो!" मी मूठभर खडे उचलले आणि त्यांच्या अंगावर फेकले.

खडे पाण्यात पडले तशी खाली राहिलेली पिल्लंही वर आली, तोंडं उघडून.