लांडगा केंद्राचा, वासरू राज्याचं

आडनाव वाघमारे, आणि उभ्या आयुष्यात मारले असतील ते फक्त डास. तेही मिनेसोटाचे, म्हणजे जवळपास चिमणीएवढे. आमचे वाघमारेकाका गुरांचे डॉक्टर. नागपूरला शिकलेला हा माणूस मिनेसोटाच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या उंबऱ्यावरच्या गावात कसा येऊन पडला, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा वेगळं सांगितलं. ऐंशीच्या दशकात मी त्यांच्या दवाखान्यात फोन घ्यायची, रिपोर्ट टाइप करायची. नवरा दिवसभर कागदाच्या गिरणीत, मी घरात भिंतींशी बोलायला लागलेली. काकांनीच हुकूम सोडला, "उद्यापासून ये. भिंतींशी बोलण्यापेक्षा माझ्याशी भांड."

गावात आल्या आल्या कुणीतरी त्यांना आडनावाचा अर्थ विचारला होता आणि काकांनी तो इमानदारीत सांगून टाकला होता. झालं! तेव्हापासून शेतकऱ्यांच्या लेखी ते 'टायगर किलर डॉक्टर'. लोक जरा अदबीनंच वागायचे. "अहो काका, सांगून टाका ना, तुम्ही वाघ फक्त पिंजऱ्यात बघितलाय," मी म्हणायची. "कशाला? त्या धाकानं कुत्री तरी चावत नाहीत," असं म्हणून ते चहा ढवळत बसायचे.

त्या वर्षांत आमच्याकडे भांडण एकच होतं: लांडगा कुणाचा? कायद्यानं तो केंद्र सरकारच्या संरक्षणात. शेतकऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. फारच त्रास झाला तर केंद्राचा माणूस सापळा घेऊन येणार. मेलेल्या वासराची भरपाई मात्र राज्य देणार. राज्याचं म्हणणं, लांडगे आमच्या रानात राहतात, त्यांचं आम्ही बघू, शिकारीचा हंगामही आम्हीच ठरवू. शहरातले प्राणिप्रेमी म्हणत, खबरदार! काका हे सगळं एका वाक्यात सांगायचे: "लांडगा केंद्राचा, वासरू राज्याचं, आणि शेण तेवढं आपलं."

जनावर मेलं की काकांना बोलावणं यायचं. लांडग्यानं मारलं, कुत्र्यानं मारलं की आपल्या मरणानं मेलं, हे त्यांनी लिहून द्यायचं. निम्म्या वेळा ते सरळ 'माहीत नाही' असं लिहायचे. शेतकरी वैतागायचे. "पण डॉक्टर, तुम्हाला वाटतं काय?" "वाटतं ते बायकोला सांगावं, रिपोर्टात लिहू नये," काका म्हणायचे. ते विधुर होते, त्यामुळे त्यांना काय वाटतं ते कुणालाच कळायचं नाही.

अपवाद आर्नेचा. आर्ने म्हणजे सहा फुटी नॉर्वेजियन शेतकरी, बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. दर शनिवारी हा काकांकडे पत्ते खेळायला यायचा. काका त्याला झणझणीत पिठलं खाऊ घालायचे, आणि तो लालबुंद होऊन, डोळे पुसत पुन्हा वाढून घ्यायचा. परक्या गावात काकांना जिवाभावाचा म्हणावा असा हा एकच माणूस होता.

आणि नेमकं आर्नेचंच वासरू मेलं. दुकानात त्यानं रागारागात "लांडग्यानं खाल्लं" म्हटलं, आणि लांडगे राज्याला द्या म्हणून ओरडणाऱ्या गावातल्या पुढाऱ्याला आयतं कोलीत मिळालं. आठवड्याभरात शाळेच्या जिममध्ये सुनावणी होती. लांडगा राज्याच्या ताब्यात द्यावा का, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला अधिकारी यायचे होते. रात्रीतून अर्धवट खाल्लेल्या वासराच्या फोटोची पोस्टरं खांबाखांबावर लागली. रिपोर्ट काकांचा यायचा बाकी. म्हणजे तोही आलाच, असंच सगळे धरून चालले होते.

काका वासरू बघून आले. मला एक बादलीभर पाणी आणायला लावलं आणि त्यात फुप्फुसाचा तुकडा टाकला. तो दगडासारखा तळाला गेला. "एकदा जरी श्वास घेतला असता ना, तर तरंगला असता," काका म्हणाले. "खुरंही अजून मऊ होती. हे पोर उभंच राहिलं नाही. पोटातूनच मेलेलं आलं. लांडगा नंतर येऊन नुसता जेवून गेला." मी तसंच टाइप केलं. त्यांनी कागद वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "पुढच्या दोन्ही पायांवर दोरीच्या खुणा, एवढं कॅन्सल कर. पान पुन्हा टाइप कर." मी केलं. का, ते विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

सुनावणीला ही गर्दी! पुढाऱ्यानं माइकवर घोषणा केली, "आता वाघांच्या मुलखातून आलेले, घराण्यात वाघ मारण्याची परंपरा असलेले डॉक्टर बोलतील." काका उठले, घसा खाकरला, आणि वासरू मेलेलंच जन्मलं हे शांतपणे सांगून टाकलं. मागच्या बाकांवरच्या शहरी मंडळींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. काका त्यांच्यावरच उखडले. "टाळ्या कसल्या वाजवता? मागच्या महिन्यात तीन मेंढ्या लांडग्यानंच फाडल्या. तेही मीच लिहिलंय. तेव्हा का नाही आलात?" झालं, तेही तुटले. अधिकाऱ्यानं विचारलं, "मग त्या शेतकऱ्यानं खोटं सांगितलं का?" काका म्हणाले, "नाही. गाय लांबच्या कुरणात व्याली. त्याला कळायला मार्गच नव्हता."

आर्ने तिसऱ्या रांगेत होता. उठला आणि निघून गेला. त्या शनिवारी तो आला नाही, पुढच्याही नाही. काकांनी दोघांपुरतं पिठलं केलं आणि तीन दिवस एकट्यानं खाल्लं. गावानंही पाठ फिरवली. फोन वाजेना, गुरं शेजारच्या गावच्या डॉक्टरकडे जायला लागली. वर्षभर रेटून शेवटी काकांनी दवाखाना बंद केला आणि नॉर्थ कॅरोलायनाला, कॅरी नावाच्या गावी मुलाकडे जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी सामान बांधता बांधता मी विचारलंच. एव्हाना मलाही कळलं होतं की दोरी बांधून वासरू ओढून काढतात, आणि ती बांधायला माणूस लागतो. "काका, ते वासरू आर्नेनंच ओढून काढलं होतं ना? त्याला सगळं माहीत होतं. तरी तुम्ही भर सभेत खोटं बोललात?"

"लांडग्यासाठी वॉशिंग्टनमध्ये वकील बसलेत, पोरी," काका खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाले. "आर्नेला कोण आहे?"

आर्ने निरोपालाही फिरकला नाही. काकांनी दोनदा रस्त्याकडे बघितलं, मग गाडीत बसले. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि मी तिथेच रस्त्यात उभी राहून ढसाढसा रडले. बापाला सोडून सासरी येतानासुद्धा एवढी रडले नव्हते. मग असा संताप आला, की तशीच आत गेले आणि आर्नेला फोन लावला. हॅलो नाही, काही नाही. "तुझी अब्रू राहावी म्हणून त्यांनी रिपोर्टातली ओळ खोडली, सभेत खोटं बोलले," मी ओरडले, "आणि तुला त्यांचं तोंड बघायलासुद्धा यावंसं वाटलं नाही?"



"माहीत आहे मला," आर्ने म्हणाला. "कुठल्या तोंडानं येऊ?"