बंड्याचा वाटा

गोजराबाईंची हयात गेली पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. पोळी लाटावी ती त्यांनीच, आणि "नको, नको" म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक टाकावी तीही त्यांनीच. निवृत्त झाल्या त्या दिवशी कॅन्टीनमागचा तांबूस कुत्रा त्यांच्या मागोमाग रिक्षात चढला आणि कोपरखैरण्याच्या घरी येऊन राहिला. त्याचं नाव बंड्या.

वर्षभरात बंड्या फुगून भरल्या पोत्यासारखा झाला. चार पावलं चालला की फतकल मारायचा. मुलगा आशुतोष त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला, सोबत गोजराबाई.

"मावशी, हात फिरवला की बरगड्या लागायला हव्यात," डॉक्टर म्हणाले. "सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. बस."

गोजराबाईंचा चेहरा पडला. जालन्याकडच्या त्यांच्या गावात, दुष्काळात, त्यांनी गुरांच्या बरगड्या पाहिल्या होत्या. आपल्या दारातल्या मुक्या जिवाच्या बरगड्या लागाव्यात, हे त्यांना काही केल्या पटेना.

"लोकं म्हनतील, म्हातारी कुत्र्याला उपाशी मारती," रिक्षात त्या पुटपुटल्या.

तरी त्यांनी शब्द पाळला. सून सुनयना वाटी भरून द्यायची, त्या डोळे मिटून तेवढीच वाढायच्या. पण महिना उलटला तरी बंड्या होता तसाच.

"आई, खरं सांगा, तुम्ही गुपचूप देता ना?" सुनयनाने हसत विचारलं.

"बाबासाहेबांची शपथ! शितभर जास्त न्हाई दिलं!"

आळ जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवशी बंड्या बाहेर पडला तशा त्याही चप्पल घालून मागे निघाल्या. बंड्या आधी थांबला इस्त्रीवाल्या ज्योतिबाच्या टपरीपाशी. तिथे चहात बुडवलेली बिस्किटं. मग शेजारच्या उज्वलाच्या दारात दूध-चपाती. पुढे अंडाभुर्जीच्या गाडीवर उकडलेलं अंडं. प्रत्येक ठिकाणी तो कान पाडून असा काही बसायचा, की जणू जन्मात अन्न पाहिलं नाही!

"अगं, हे काय करतेस?" गोजराबाईंनी उज्वलाला गाठलं.

"काकू, किती केविलवाणा बघतो हो! मला वाटलं, तुम्ही देत नाही."

गोजराबाई रागवायला गेल्या आणि फिस्सकन हसल्या. लोकांना नको म्हणायचं तरी कसं? खाऊ घालण्यातलं सुख त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं! रात्रभर विचार करून त्यांनी तोड काढली. सकाळची वाटी त्यांनी डब्यात भरली आणि बंड्याला घेऊन गल्लीत निघाल्या. ज्योतिबाच्या हातावर चार घास, उज्वलाच्या हातावर चार, अंडाभुर्जीवाल्याच्या हातावर उरलेले.

"ज्याला भरवायचंय त्यानं यातलंच भरवायचं. घरचं काय बी द्यायचं न्हाई."

"मावशी, कॅन्टीनच उघडलं की तुमी!" ज्योतिबा म्हणाला.

गल्लीला हा खेळ फार आवडला. बंड्यालाही आवडला, फक्त चार घास मिळवायला आता त्याला तीन दारं चालायची होती. पावसाळा सरला तसं त्याचं पोट आत गेलं. एकदा अंघोळ घालताना गोजराबाईंच्या बोटांना कातडीखाली बरगड्या लागल्या. त्यांनी घाबरून त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर बंड्याने अंग झाडून त्यांना नखशिखांत भिजवलं आणि साबणासकट घरभर धूम ठोकली. सुनयना ओरडत मागे, आशुतोष टॉवेल घेऊन तिच्या मागे. गोजराबाई मोरीतच बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

आता रोज संध्याकाळी दोघं निसर्ग उद्यानात जातात. परवा बंड्या खारीमागे असा सुसाट सुटला, की पट्टा हातात धरलेल्या गोजराबाईंनाही पदर खोचून धावावं लागलं. दम लागून त्या बाकावर टेकल्या, तेव्हा शेजारी बसलेली एक बाई म्हणाली, "काकू, या वयात काय पळता हो!"

"मी कुठं पळते," गोजराबाई धापा टाकत म्हणाल्या, "ह्यो पळवतोय मला. बसू द्या जरा, आत्ता परत निघंल बघा."