जळकी मोटर

सांगलीतल्या त्या दुकानदाराचं नाव मी कधी विचारलंच नाही. माझ्या कॉलेजातल्या पोरींच्या रोबोटला लागणारी मोटर गावात फक्त त्याच्याकडं मिळायची, तरी तो ती खरेदीच्या भावात द्यायचा. अट एकच होती. जुनी मोटर कशी जळाली ते खरं सांगायचं. खोटं बोललं की भाव दुप्पट.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी जळकी मोटर पिशवीत घालून घेऊन गेलो.

"पोरींनी बाराच्या मोटरला चोवीस व्होल्ट दिले," मी म्हणालो.

त्यानं पिशवीतून मोटर काढली, चष्मा कपाळावर सारून ती हुंगली. मग माझा हात ओढून बोटं हुंगली.

"सर, पोरींस्नी खरेदीत दिली असती. तुमाला दुप्पट."

मी पैसे दिले. त्यानं बिलावर भावाखाली कारणही लिहिलं, 'सरांनी जाळली.'

ते बिल मला कॉलेजच्या ऑफिसात द्यायचं होतं.