‘अ‍ॅक्युम्युलेट’ म्हणजे काय, असं तिनं विचारलं होतं

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रावपुऱ्यातल्या आमच्या घरी बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू केला. दुपारी तीन ते साडेचार, पुढच्या खोलीत सतरंजी घालून. आठ-नऊ जणी यायच्या. बहुतेक गुजराती, त्यांची मी ‘टीचरबेन’. मला ‘बाई’ म्हणणारी एकच होती. ती पाणीगेटहून यायची. पस्तिशीची असेल. नवरा वाघोडियाच्या एका कारखान्यात मशीनवर होता आणि ही घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायची. बोलायची कमी. दाराजवळ बसायची आणि मी फळ्यावर लिहिलेलं सगळं वहीत उतरवून घ्यायची.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. वर्ग संपत आला होता. बायका पर्स उचलत होत्या, तेवढ्यात तिनं हात वर केला. हात वर करणारीही तीच एक.

“बाई, अ‍ॅक्युम्युलेट म्हणजे काय?”

आमच्या वर्गात ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘हाउ मच’च्या पलीकडे कोणी जात नसे. इतका भरभक्कम शब्द ऐकून मला आनंदच झाला. मी सगळ्यांना पुन्हा खाली बसवलं. कलेक्ट आणि अ‍ॅक्युम्युलेट यांतला फरक सांगायला लागले. तिकिटं आपण कलेक्ट करतो, मुद्दाम, एकेक शोधून. अ‍ॅक्युम्युलेट म्हणजे साचत जाणं. पंख्यावर धूळ साचते, कपाटावर जुनी वर्तमानपत्रं साचतात, माणसाकडे वयाबरोबर ज्ञान साचतं. ज्ञानाचं उदाहरण देताना मी स्वतःकडे बोट दाखवलं होतं, हे मला अजून आठवतं.

तिच्या हातात चार घड्या घातलेला एक कागद होता. वरच्या घडीवर कुठल्याशा एक्स-रे सेंटरचा शिक्का दिसत होता. मी तो पाहिला. पाहिला नाही असं मला म्हणता येणार नाही.

“पण बाई, ते चांगलं असतं का वाईट?”

मी हसले. “शब्द कुठे चांगला-वाईट असतो गं? हळूहळू जमत जातं, एवढंच. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?”

बाकीच्या बायकाही हसल्या. एक जण म्हणाली, “टीचरबेन, माझ्या पोटावर पण अ‍ॅक्युम्युलेट झालंय ने!” मग तर हशाच पिकला. मीही त्यात होते. तिनं वहीत काहीतरी लिहिलं, कागद ब्लाउजमध्ये सरकवला आणि चपला घातल्या.

त्यानंतर ती दोन दिवस आली आणि मग यायचीच बंद झाली. आठवडा गेला, दुसरा गेला. मी फोन केला नाही. उलट एकदा कुणीतरी चौकशी केली, तेव्हा मी म्हणाले, “असंच असतं. जरा अवघड आलं की सोडून देतात. जिद्द लागते शिकायला.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिची वही माझ्याकडे तपासायला राहिली होती. पाणीगेटच्या बाजूला एका नात्यातल्या बाईंना भेटायला जायचं होतं, म्हणून मी ती पिशवीत टाकली. विचारत विचारत घर सापडलं. दार तिनंच उघडलं. मला पाहून ती इतकी गडबडली की आधी पदर सावरला आणि मग “या ना बाई” म्हणाली.

आत कॉटवर उशीला टेकून तिचा नवरा बसला होता. उंच माणूस, पण शर्ट खांद्यावरून लोंबत होता. बोलता बोलता त्याला थांबून श्वास घ्यावा लागत होता. छातीत पाणी झालं होतं, तो म्हणाला. टीबी निघाला. दवाखान्यात सुईनं पाणी काढलं, आता सहा महिने गोळ्या.

“जरा उशीरच झाला,” तो सांगत होता. “एक्स-रे काढायला सांगून आमचे नेहमीचे डॉक्टर लग्नाला गावी गेलेले. ही म्हणत होती, दुसऱ्या कुणाला दाखवू या. मला शिफ्ट सोडायची नव्हती. रिपोर्टातलं फ्लुइड म्हणजे काय ते मशीनमुळे मला ठाऊक होतं, पण पुढचा शब्द कळेना. मग ही म्हणाली, मी बाईंना विचारते.” तो माझ्याकडे पाहून अगदी मोकळं हसला. “तुम्ही म्हणालात ना, हळूहळू होतं, घाबरण्यासारखं नाही. मग मी म्हटलं, डॉक्टर आले की बघू. आठव्या दिवशी जिना चढताना खालीच बसलो.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घडलं तसं तो सांगत होता.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, “मी तसं म्हटलं नव्हतं हो. मी फक्त शब्दाचा अर्थ सांगितला.”

माझ्या आवाजात शाळेतली ती धार होती. पालक तक्रार घेऊन आले की मी ज्या आवाजात बोलायचे, तोच आवाज. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “हो, बाई तसं नव्हत्या म्हणाल्या. माझ्याच समजण्यात चूक झाली.”

बायकोकडे त्यानं अशा नजरेनं पाहिलं की मला तिथे बसवेना. मी वही कॉटवर ठेवली, चहा नको म्हणाले आणि उठले. नात्यातल्या बाईंकडे गेलेच नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे. मी वर्ग घेत होते, भाजी आणत होते, मुलीशी फोनवर बोलत होते, आणि मध्येच ते वाक्य कानात यायचं. तिचं नव्हे, माझं, ‘मी तसं म्हटलं नव्हतं हो.’ चुकीचं सांगितलं याची लाज होतीच. शिक्का दिसूनही कागद मागितला नाही, याची त्याहून जास्त. पण आजारी माणसासमोर त्याच्या बायकोला खोटं पाडलं आणि तिनं ते मुकाट्यानं अंगावर घेतलं, याची लाज वाटायची तेव्हा मला घरातल्या आरशासमोर उभं राहवत नसे.

नवव्या दिवशी मी रिक्षा करून पुन्हा गेले. मुद्दाम सकाळी, दोघंही भेटतील अशा वेळी. दोघंही होती. मी बसलेसुद्धा नाही.

“त्या दिवशी मी खोटं बोलले,” मी त्याला म्हणाले. “हिनं तुम्हाला जे सांगितलं, ते शब्दाला शब्द मी म्हटलेलं होतं. हिच्या हातातला कागद मला दिसला होता. मी मागायला हवा होता. हिची काही चूक नाही.”

तो संकोचला. “अहो, जाऊ द्या. मीच ऐकलं नाही तिचं,” असं काहीसं पुटपुटला. ती भिंतीशी उभी होती. तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही.

ती मला सोडायला खालपर्यंत आली. मी विचारलं, “वर्गाला येशील ना परत?”

“नाही बाई.”

“त्या दिवशीच्या त्या अर्थामुळे?”

“अर्थाचं काही नाही. मला येत नव्हतं म्हणून तर मी येत होते. पण सगळ्या हसल्या ना, तेव्हा तुम्ही पण हसलात.”

घरी येऊन शिकवू का, असं मी विचारलं. ती “बघू” म्हणाली. माझा नंबर तिच्याकडे आहे. तिचा नवरा गोळ्या पुऱ्या करून पुन्हा कामाला लागला, बसून करायचं काम मिळालं, असं वर्गातल्या एकीकडून कळलं. तिचा फोन आलेला नाही. तिला परत एकदा भेटायला जावं असं मनात येतं, पण त्यात तिची काळजी किती आणि तिनं मला माफ करावं ही हाव किती, हे मला ठरवता येत नाही. म्हणून मी जात नाही.